मोबाइलवर एफएम लागत नाही किंवा खरखरतो? फोन उघडायला देण्याआधी हे तपासा

मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर बाकीच्या तक्रारी ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात भिजलेले फोन येतात, उन्हाळ्यात फुगलेल्या बॅटऱ्या. रेडिओची तक्रार मात्र बारा महिने असते. ती घेऊन येणाऱ्यांत वॉचमन असतात, रिक्षावाले असतात, गोठ्यात दूध काढताना आकाशवाणी लावणारे शेतकरी असतात, दुपारी निवडणं-टिपणं करताना जुनी गाणी ऐकणाऱ्या मावश्या असतात. "फोन चांगला चालतोय हो, फक्त रेडिओ बोलेना," एवढंच सांगतात आणि फोन पुढे सरकवतात.

यातले बहुतेक फोन उघडावेच लागत नाहीत. दोष वायरमध्ये असतो, पिन नीट न बसण्यात असतो, नाहीतर सेटिंगमध्ये. म्हणून आधी लक्षणं देतो आणि मग फुकटातल्या तपासणीपासून खर्चाच्या कामापर्यंत क्रमाने जातो. हा क्रम मोडू नका. जॅक, म्हणजे इअरफोनची पिन घालायचं भोक, बदलून झाल्यावर खरा दोष कव्हरचा होता असं कळलं, तर पैसे तुमचेच गेलेले असतात.

लक्षणं: तुमचं कुठलं ते ओळखा

अ) वायर लावलेली असूनही ॲप "इअरफोन जोडा" असंच म्हणत राहतं.

आ) ॲप चालतं, स्टेशनं शोधतं, पण शेवटी एकही सापडत नाही.

इ) काही स्टेशनं स्वच्छ लागतात, काही अजिबात लागत नाहीत.

ई) सगळी लागतात पण खरखर आहे. वायर हातात धरली किंवा फोन उचलला की बदलते.

उ) वाद्यं ऐकू येतात, पण गाणाऱ्याचा आवाज लांबून आल्यासारखा पोकळ किंवा गायबच.

ऊ) चार्जर लावला की खरखर, काढला की स्वच्छ.

ए) स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने रेडिओही बंद.

ऐ) रेडिओचं ॲपच दिसत नाही, किंवा अपडेटनंतर गेलं.

ओ) आवाज मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो, खरखर मात्र अजिबात नाही.

आधी हे बघा: तुम्ही ऐकता तो खरा एफएम आहे का?

शेवटचं लक्षण, म्हणजे 'ओ', असेल तर तो बहुधा एफएम नाहीच. हवेतून येणारा रेडिओ कमजोर झाला की खरखरतो. इंटरनेटवरून येणारा थांबतो, गोल चक्र फिरवतो आणि मग पुढे जातो.

मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करा आणि रेडिओ लावा. आवाज आला तर तो खरा एफएम. नाही आला तर तुमचं ॲप इंटरनेटवरून ऐकवतंय, आणि त्याचा इलाज रेंज आणि डेटा पॅक बघणं हा आहे. प्ले स्टोअरवर 'एफएम रेडिओ' नावाची ढीगभर ॲप आहेत, जवळपास सगळी इंटरनेटवाली. चिन्हावर जुन्या रेडिओचं चित्र असतं म्हणून लोक फसतात. फोनमधल्या एफएम चिपला हात घालणारं ॲप कंपनीनेच फोनमध्ये घालून दिलेलं असतं. बाहेरून उतरवलेल्या ॲपला तिथपर्यंत सहसा पोचता येत नाही.

इंटरनेटवरून ऐकण्यात काही वाईट नाही. प्रसारभारतीच्या 'न्यूज ऑन एआयआर' ॲपवर देशभरातल्या आकाशवाणी केंद्रांचे कार्यक्रम मिळतात, आणि सूरतला किंवा दुबईला राहणाऱ्या माणसाला सांगली केंद्र ऐकायचं तर तोच मार्ग आहे. पण त्याला डेटा लागतो. ६४ केबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला साधारण ३० एमबी. आवाजही थेट प्रक्षेपणाच्या काही सेकंद मागे असतो.

आता तुमच्या फोनमध्ये एफएम आहे का ते. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या माहितीत बघा. आयफोनमध्ये एफएम ऐकण्याची सोय नाही, त्यामुळे त्यावर शोधत बसू नका. अँड्रॉइडमध्ये स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनमध्ये तो बऱ्याचदा असतो, महागड्यांत बऱ्याचदा नसतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल उद्योगाला सूचना दिली होती की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे तिथे ती बंद ठेवू नका, आणि जिथे नाही तिथे द्या. ही सूचना मला फार मोलाची वाटते, कारण खाली सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यात कितीतरी गावांची वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, आणि ते दिवसेंदिवस तसंच राहिलं. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला महापुरात तेच. अशा वेळी इंटरनेटवालं ॲप उपयोगाचं नसतं. लांबच्या प्रक्षेपकावरून येणारा एफएम मात्र फोनमध्ये चार्जिंग असेपर्यंत ऐकता येतो, आणि रेडिओला बॅटरीही कमी लागते. म्हणून "रेडिओ काय, नाही लागला तर नाही लागला" असं म्हणून दोष तसाच ठेवू नका. पावसाळ्याआधी एकदा डेटा बंद करून रेडिओ लावून बघाच.

वायर म्हणजेच एरियल

खालच्या निम्म्या तपासण्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून इथे थोडा थांबतो.

आपल्याकडे एफएम साधारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये चालतो. १०० मेगाहर्ट्झची लहर तीन मीटर लांब असते. ती चांगली पकडायला तिच्या चौथाईएवढी, म्हणजे पाऊण मीटरची तार हवी. मोबाइल वीतभर. वाय-फाय आणि मोबाइल नेटवर्कच्या लहरी आखूड असतात, त्यांची एरियल फोनच्या कडेला मावतात. एफएमची मावत नाही. म्हणून कंपन्यांनी इअरफोनची मीटरभर वायरच एरियल म्हणून वापरली. आवाज आणि रेडिओची लहर एकाच तारेतून ये-जा करतात.

यावरून तीन गोष्टी कळतात. ब्लूटूथ इअरबड किंवा नेकबँड लावून बहुतेक स्मार्टफोनवर एफएम लागणार नाही, कारण फोनला तार मिळालेलीच नाही. दुसरं, कानात घालायचं नसेल तरी वायर लावावीच लागते. ॲपमधलं स्पीकरचं चिन्ह दाबलं की आवाज फोनच्या स्पीकरवर येतो आणि वायर नुसती एरियल म्हणून लटकते. आणि तिसरं, एका कानाचा आवाज गेलेला जुना इअरफोन फेकू नका. वायर शाबूत असेल तर एरियल म्हणून तो उत्तम चालतो.

काही साध्या बटणवाल्या फोनमध्ये आतच छोटं एरियल दिलेलं असतं, ते वायरशिवाय वाजतात. पण शहराबाहेर त्यांनाही वायर लावल्यावर फरक पडतो.

फुकटातल्या तपासण्या

कव्हर काढा. 'अ' आणि 'उ' या लक्षणांवर हा पहिला उपाय. हल्लीची जाड रबरी कव्हर असतात, त्यांचं भोक अरुंद असतं आणि पिनेचं बूड कव्हरला अडतं. पिन पाऊण आत जाते, उरलेली दोन-तीन मिलिमीटर बाहेर. बघणाऱ्याला बसल्यासारखी वाटते. कव्हर काढून पिन 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबा. मागे एक काका तीन दुकानं फिरून आमच्याकडे आले होते. जॅक बदलायचा म्हणून सांगितलं होतं त्यांना. कव्हर काढलं आणि रेडिओ लागला.

'उ' लक्षण अर्धवट बसलेल्या पिनेची जवळजवळ पक्की खूण आहे. पिनेवर डावा आवाज, उजवा आवाज आणि दोघांची सामाईक परतीची तार, ज्याला आम्ही ग्राउंड म्हणतो, अशा पट्ट्या असतात. ग्राउंडचा कॉन्टॅक्ट सुटला की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज एकमेकांना खोडतो. गायक नेहमी दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून तोच गायब होतो आणि वाद्यं उरतात. बहुतेक फोनमध्ये रेडिओचं एरियलही याच ग्राउंडच्या तारेवरून घेतलेलं असतं, त्यामुळे सोबत खरखरही वाढते.

दुसरा इअरफोन लावा. शेजाऱ्याचा घ्या, घरातला घ्या. यात खर्च नाही आणि निम्मा तपास इथेच संपतो. दुसऱ्या वायरने लागला तर फोन चांगला आहे. इअरफोनची वायर पिनेच्या मुळाशी आणि जिथे दोन फाटे फुटतात तिथे आतून तुटते. बाहेरचं रबर धड असतं म्हणून दिसत नाही. रेडिओ चालू ठेवून या दोन जागा हलक्या हाताने वाकवून बघा. खरखर कमी-जास्त झाली तर दोष सापडला.

वायर सरळ सोडा. गुंडाळलेली, गाठ मारलेली, खिशात कोंबलेली वायर एरियलचं काम धड करत नाही. खिडकीच्या गजाला सैल अडकवा किंवा खुंटीवर टांगा.

जागा बदला. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालून फारशा येत नाहीत. घाटात, दरीतल्या वाडीत, तळमजल्यावर, सळया भरलेल्या स्लॅबखाली आवाज पडतो. हात-दीड हात सरकल्यावरही फरक पडतो, कारण डोंगर आणि इमारतींवर आपटून आलेली लहर आणि थेट आलेली लहर काही जागी एकमेकींना मारतात. तीन मीटरच्या लहरीत अशा मेलेल्या जागा दीड-दीड मीटरवर असू शकतात. म्हणून पलंगाच्या डोक्याशी लागत नाही आणि पायथ्याशी लागतं, हा भास नाही. गच्चीवर किंवा अंगणात मोकळ्यावर स्वच्छ लागत असेल, तर फोन दुरुस्तीला देण्याचं काही कारण नाही.

चार्जर काढा, आजूबाजूचे दिवे बंद करून बघा. 'ऊ' लक्षण इथलं. हलक्या प्रतीचे चार्जर आणि स्वस्त एलईडी बल्ब आतून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात, आणि तो कचरा एफएमच्या पट्ट्यात शिरतो. फोनसोबत आलेला चार्जर वापरा. तरी राहिलं तर रेडिओ ऐकताना चार्जिंग करू नका, एवढा साधा इलाज आहे. इन्व्हर्टरवर घर चालू असताना खरखर वाढत असेल तर कारण तेच.

मोनो करून बघा. ॲपच्या सेटिंगमध्ये स्टिरिओ-मोनो असा पर्याय असेल तर मोनो निवडा. स्टिरिओला स्वच्छ वाजायला बरीच जास्त ताकद लागते. लांबच्या स्टेशनची खरखर मोनोवर कितीतरी कमी होते, आणि बातम्या किंवा कीर्तन ऐकायला स्टिरिओची गरजही नाही.

काही स्टेशनं लागतात, काही लागत नाहीत तेव्हा

'इ' लक्षण घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, "कुठलं स्टेशन लागत नाही?" उत्तरातच बऱ्याचदा दोष असतो.

ते स्टेशन मुळात एफएमवर आहे का? आकाशवाणीच्या कितीतरी केंद्रांचं मूळ प्रक्षेपण मध्यमलहरींवर आहे. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झ, नागपूर ५८५, सांगली १२५१, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८. हे आकडे जुन्या मोठ्या रेडिओवर एएम किंवा मीडियम वेव्हच्या पट्टीवर सापडतात. मोबाइलमध्ये मध्यमलहरी येतच नाहीत. त्या लहरी शेकडो मीटर लांब. त्यांना तांब्याची तार गुंडाळलेली फेराइटची कांडी लागते, ती फोनमध्ये बसवत नाहीत. आजोबा "पूर्वी आपल्या रेडिओवर लागायचं" म्हणतात ते खरंच असतं, पण फोनला दोष देता येत नाही. तुमच्या केंद्राची एफएम फ्रिक्वेन्सी वेगळी आहे का ते बघा. नसेल तर 'न्यूज ऑन एआयआर' किंवा मध्यमलहरी असलेला छोटा रेडिओ घ्या.

दुसरं कारण अंतर. माण तालुक्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर आहे. अशी कम्युनिटी रेडिओ केंद्रं कमी ताकदीवर चालतात, दहा-पंधरा किलोमीटरच्या गावांसाठीच ती असतात. आकाशवाणीचा मोठा प्रक्षेपक जितका लांब ऐकू येतो तितकं ते येणार नाही.

तिसरं कारण दुकानदारांनाही पटकन सुचत नाही: प्रदेशाची सेटिंग. पुण्याचं उदाहरण घ्या. ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ ही खासगी स्टेशनं खणखणीत लागतात, आणि आकाशवाणीचं १०१.० व विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ काही केल्या लागत नाही. आकडे नीट बघा. लागणाऱ्या सगळ्यांच्या शेवटी विषम अंक आहे, न लागणाऱ्यांच्या शेवटी सम. अमेरिकेत एफएम स्टेशनं ८८.१, ८८.३, ८८.५ अशी दोन-दोन दशांशांच्या उडीने आणि फक्त विषम अंकांवर असतात. फोनचा प्रदेश अमेरिका असेल तर ॲप त्याच पायऱ्यांनी चालतं आणि आपली सम अंकांची स्टेशनं ओलांडून पुढे जातं. परदेशातून पाठवलेल्या फोनमध्ये किंवा बाहेरचं सॉफ्टवेअर टाकलेल्या फोनमध्ये हे हमखास होतं. ॲपच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत करा, किंवा पायरी ०.१ मेगाहर्ट्झ (१०० किलोहर्ट्झ) करा, आणि पुन्हा शोध घ्या. प्रदेश जपान असेल तर पट्टी ७६ पासून सुरू होऊन ९०-९५ च्या आसपास संपते, आणि वरची सगळी स्टेशनं नाहीशी होतात. पुतण्याने अमेरिकेहून आणलेला फोन असेल तर हीच तपासणी आधी करा.

शोध घेऊनही एखादं स्टेशन यादीत येत नसेल तर फ्रिक्वेन्सी हाताने लावून पाहा. आपोआप शोध कमजोर स्टेशन सोडून देतो. हाताने लावलं की थोड्या खरखरीसह का होईना, लागतं, आणि मग ते यादीत जपून ठेवता येतं.

सॉफ्टवेअरच्या तपासण्या

'ए' लक्षण बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे येतं. स्क्रीन बंद झाली की फोन मागे चालणारी ॲप बंद करतो आणि रेडिओलाही त्यातच धरतो. सेटिंग, ॲप, एफएम रेडिओ, बॅटरी असं जाऊन निर्बंध काढून टाका.

'ऐ' असेल तर ॲपच्या पूर्ण यादीत बघा. कधी ते बंद करून ठेवलेलं असतं, कधी 'टूल्स'च्या फोल्डरमध्ये गेलेलं असतं. सापडलं की चालू करा. ॲप आहे पण उघडताच बंद पडतं, तर त्याचा साठवलेला डेटा पुसा आणि फोन एकदा बंद करून चालू करा. जतन केलेली स्टेशनं जातील, ती आधी कागदावर लिहून ठेवा. एअरप्लेन मोड चालू राहिला असेल तर तोही बघा. काही फोन त्यात एफएमही बंद करतात.

शाओमी आणि रेडमीच्या फोनमध्ये डायल पॅडवर *#*#६४८४#*#* टाकलं की यंत्राच्या चाचण्यांची यादी उघडते. मॉडेलप्रमाणे त्यात एफएम आणि हेडफोनची चाचणी असते. तिथे रेडिओ वाजला आणि ॲपमध्ये वाजत नसेल, तर दोष शंभर टक्के सॉफ्टवेअरचा. हार्डवेअरवर एक रुपया घालवू नका. त्या यादीतलं दुसरं काही मात्र चाळवू नका.

संपूर्ण फोन रीसेट करणं शेवटी ठेवा. फोटो, नंबर, व्यवहारांची ॲप सगळं पुन्हा बसवावं लागतं, आणि केवळ रेडिओसाठी ते करण्याची वेळ फार कमी वेळा येते.

गोल जॅक नसलेले फोन

टाइप-सी भोकाचा फोन असेल तर बाजारात दोन प्रकारचे कन्व्हर्टर मिळतात. एकात नुसत्या तारा जोडलेल्या असतात, दुसऱ्यात आवाज तयार करणारी छोटी चिप असते. चिपवाल्यात इअरफोनची तार आणि फोनमधला रेडिओ यांच्यामध्ये ती चिप येते, आणि एरियलची जोडणी तुटते. म्हणून गाणी वाजतात पण एफएम लागत नाही. मॉडेलच्या माहितीत एफएम लिहिलेला असेल तर फोनसोबत आलेला इअरफोन किंवा कंपनीचाच कन्व्हर्टर लावून बघा. दुकानात कन्व्हर्टर घेताना काउंटरवरच रेडिओ लावून पाहा आणि मगच पैसे द्या.

जॅक साफ करणं: घरी करता येण्याजोगं शेवटचं काम

शर्टाच्या खिशातला दोरा, पिठाची भुकटी, तंबाखूची धूळ, घामाचा क्षार हे सगळं जॅकच्या तळाशी जमतं आणि पिन पूर्ण बसत नाही. शेतात आणि कारखान्यात काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये हे जास्त.

फोन बंद करा. उजेडात आत बघा. हवेचा रबरी फुगा असेल तर त्याने फुंका. तोंडाने नको, थुंकीची वाफ आत जाते. मऊ बारीक ब्रशने फिरवून धूळ काढा. हिरवट किंवा पांढरा थर दिसला तर ब्रशला थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलके घासा आणि अर्धा तास वाळू द्या. पिनेच्या पट्ट्याही कोरड्या सुती कापडाने पुसा.

सुई, टाचणी, सेफ्टी पिन आत घालू नका. जॅकच्या आत पातळ स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. एक वाकली की फुकटचं काम खर्चाचं होतं. खोबरेल तेल किंवा गंज काढायचा फवारा तर मुळीच नको. तेलावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था होते.

इथे थांबा आणि दुरुस्तीवाल्याकडे जा

पिनेचं टोक तुटून आत अडकलं असेल तर स्वतः काढू नका. गोंद लावलेल्या काडीचे व्हिडिओ बघून प्रयोग केलेले जॅक आमच्याकडे येतात, आणि टोकाबरोबर गोंदही आत घट्ट बसलेला असतो.

फोन पाण्यात पडला असेल किंवा पाठ फुगलेली दिसत असेल, तर रेडिओ विसरा. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, तसाच घेऊन जा.

दुसऱ्या इअरफोननेही 'अ' किंवा 'उ' राहत असेल, कव्हर काढलंय, जॅक साफ केलाय, तर जॅक झिजलाय किंवा त्याचं सोल्डर सुटलंय. वायर काढल्यावरही स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर हेडफोनचं चिन्ह अडकून राहत असेल तर तोही जॅकचाच दोष. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये जॅक खालच्या चार्जिंग बोर्डावर असतो, आणि तो बोर्ड बदलणं हे मामुली काम आहे. काहींत तो मुख्य बोर्डावर असतो. तिथे सोल्डरिंगचा चांगला हात लागतो. काम देण्याआधी तुमच्या मॉडेलमध्ये जॅक कुठे आहे हे विचारा. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडे फोन सोडू नका. फोन वॉरंटीत असेल तर अधिकृत सेवा केंद्राशिवाय कुणाला उघडू देऊ नका.

चार्जिंग बोर्ड बदलल्यापासूनच रेडिओ गेला असेल तर ते आवर्जून सांगा. काही डुप्लिकेट बोर्डांवर सगळे बारीक भाग बसवलेले नसतात. चार्जिंग होतं, गाणी वाजतात, पण एरियलची वाट अपुरी राहते आणि 'आ' लक्षण दिसतं. त्याच दुकानात परत जा आणि बोर्ड बदलून मागा.

दुरुस्तीच्या धंद्यातल्या नव्या मुलांसाठी इथेच एक सांगतो. जॅकच्या ग्राउंड पायापासून बोर्डाच्या ग्राउंडपर्यंत जाताना मध्ये एक फेराइट बीड असतो. आवाजाला तो वाट देतो, रेडिओच्या लहरीला अडवतो, म्हणून लहर बाजूच्या कपॅसिटरमधून रेडिओच्या चिपकडे जाते. बीड जळाला म्हणून त्या जागी नुसती तार टाकली की गाणी उत्तम वाजतात, ग्राहक खूश होऊन जातो, आणि एफएम कायमचा मरतो. तार टाकू नका, तसाच बीड बसवा. आणि जॅकचं काम झाल्यावर गाण्याबरोबर रेडिओही लावून दाखवा.

एका ठिकाणी मात्र मी ग्राहकाला स्वतःहून थांबवतो. बऱ्याच फोनमध्ये वाय-फाय, ब्लूटूथ आणि एफएम एकाच चिपमध्ये असतात. रेडिओबरोबर वाय-फायचं बटणही चालू होत नसेल, ब्लूटूथ काही शोधत नसेल, तर ती चिप किंवा तिचा वीजपुरवठा गेलाय. हे मुख्य बोर्डाचं काम आहे, खर्चाचं आहे, आणि जुन्या फोनवर ते टिकेलच याची हमी कुणी प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. वाय-फाय हवंच असेल तर करा. नुसत्या रेडिओसाठी करू नका. तेवढ्या पैशांत एफएम आणि मध्यमलहरी दोन्ही असलेला सेलवर चालणारा रेडिओ येतो, आणि तो वादळातही कामाला येतो.

दुकानात जाताना तुमचा नेहमीचा इअरफोन, फोनचा चार्जर आणि न लागणाऱ्या स्टेशनांचे आकडे लिहिलेला कागद सोबत न्या. वरच्यातलं कुठलं लक्षण आहे आणि काय काय करून झालंय तेही सांगा. फोन परत घेताना काउंटरवर डेटा बंद करा, वायर लावा आणि त्या कागदावरचं प्रत्येक स्टेशन लावून बघा.